झील धरायची जागा

आमच्या संस्थेत पूर्वी तीनच गोष्टींची भीती असे: उंदीर, एप्रिल-मे आणि अध्यक्षांचं प्रास्ताविक. आता चौथी भर पडली आहे ती एआयची. पहिल्या तिन्हींना आम्ही नावं ठेवून निभावून नेलं, चौथीसाठी मात्र समिती नेमावी लागली. मी निवृत्त होऊन सुखानं घरी लोणची घालत होते, तर मला तिथून उचलून त्या समितीत नेऊन बसवलं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत भांड्यांच्या एका दुकानावर वरच्या मजल्याला आमची संस्था आहे. लोककलावंतांचे आवाज टिपायचे आणि सांभाळायचे हे आमचं काम. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. पण टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव जायला कोणी पुरुष तयार होईना, कारण भत्ता मिळायचा नाही आणि एसटी वेळेवर यायची नाही. मी गेले ती जातच राहिले. गावाकडं माझं नाव कोणी विचारलं नाही, टेपबाई आली एवढंच म्हणायचे. नवऱ्याच्या ऑफिसातही पुढं पुढं "टेपबाईंचे यजमान" अशीच त्यांची ओळख झाली, आणि त्यांनी ती बिचाऱ्यांनी हसून सोसली.

या कामात गाण्याची समज लागते असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे तोंड बंद ठेवण्याची ताकद लागते. माइक चालू झाला की टेपबाई मेली, असं मी नव्या माणसांना सांगत असे. खोकायचं नाही, बांगडी वाजू द्यायची नाही, "वा" म्हणायचं नाही. एकदा अक्कलकोटच्या बाजूला एक म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणत होती आणि माझ्या पायावर मुंगळा चढला. म्हातारीच्या ओव्या निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ओवी संपल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमाला लई कळतंय की गाण्यातलं." मुंगळ्याचं मी तिला सांगितलं नाही.

टिपून झालं की सांभाळणं, आणि ते टिपण्याहून कठीण. टेप म्हणजे शेवटी गुंडाळलेली फीत. वर्षातून एकदा तरी उलगडून ती पुन्हा गुंडाळावी लागते. नाही तर एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उतरतो, आणि मग गाणाऱ्यानं तोंड उघडण्याआधीच त्याची ओळ पुसटशी ऐकू येते. ओल लागली की बुरशी धरते. त्यासाठी चपलांच्या दुकानांतून बुटांच्या खोक्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी मागून आणत असे. दुकानदारांना वाटायचं बाईंना काही तरी व्यसन आहे. आवाज घुमू नये म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीच्या चारी भिंतींना चादरी टांगल्या होत्या. सोलापुरात कुठलाही सत्कार झाला की पाहुण्याच्या हातात चादर पडते, आणि आमच्या अध्यक्षांचे सत्कार फार होत, त्यामुळे चादरींची कधी टंचाई पडली नाही. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मात्र रेकॉर्डिंग बंद. खाली भांड्यांचा इतका खणखणाट चाले की वरची लावणीही भजनासारखी वाटायची.

तर एआय. समितीच्या पहिल्या बैठकीत भजी होती आणि घबराट होती. पेटीवाले देशपांडे विचारत होते, "आता साथीलाही मशीन बसणार का?" चिटणीस मात्र खुशीत होते. त्यांनी वार्षिक कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका मशीनकडून लिहून घेतली होती. भाषा इतकी गोड की कोणी ती नीट वाचलीच नाही. छापून वाटून झाल्यावर कळलं की प्रमुख उपस्थिती म्हणून दोन दिवंगत कलावंतांची नावं आहेत. मशीनला त्यांनी आमच्या संग्रहाची यादी दिली होती, आणि संग्रहात सगळेच गात असतात, मग कोण गेलं हे त्याला कसं कळणार? त्यातल्या एका कलावंताचा मुलगा पत्रिका घेऊन आला. चिडलेला असेल म्हणून आम्ही पाणी-बिणी आणलं. तो म्हणाला, "आमचे वडील येणार असतील तर मी पुढच्या रांगेत बसतो." कार्यक्रमाला तो खरंच पुढच्या रांगेत येऊन बसला.

संग्रह मशीनसाठी तयार करायला श्रावणी नावाची मुलगी नेमली. तिचे वडील मागावर काम केलेले, घरात तेलुगू, बाहेर फर्डी सोलापुरी मराठी, आणि हातात सदैव लॅपटॉप. जुन्या टेपा संगणकावर उतरवायच्या, खरखर काढायची, कोण कोण गातंय ते वेगवेगळं करायचं हे तिचं काम. पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर खूप खेकसले. ती न रागावता नुसती "बरोबर आहे मॅडम" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. अशी माणसं मला आवडतात, फक्त ते लगेच सांगायचं नसतं.

आमचं पहिलं भांडण मोडनिंबच्या एका गिऱ्हाइकावरून झालं. या गृहस्थांचं मोटारपंपांचं दुकान. उजनीच्या काठच्या गावांत अर्ध्या मोटारी त्यांच्याच. वडील भारूड करायचे, त्यांची एक कॅसेट आमच्याकडं आहे. दर वर्षी वडिलांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी हे येऊन ती ऐकून जायचे. या खेपेला श्रावणीनं त्यांना नवी, स्वच्छ केलेली आवृत्ती ऐकवली. ते ऐकत बसले, मग अस्वस्थ झाले. "ताई, मधी आमचे दादा खोकतात, ते कुटं गेलं?"

श्रावणी अभिमानानं म्हणाली, "काढलं काका. आता एकदम क्लिअर आहे."

"आवो, भारूड कुनीबी करतंय. खोकला आमच्या दादांचाच हाय."

जुनी कॅसेट लावली. खोकला आला. गृहस्थांनी डोळे पुसले, चहा न घेता गेले. त्या दिवशी समितीचा पहिला नियम झाला: मूळ टेपेवरचं काही काढायचं असेल तर ज्याचा आवाज आहे त्याला, तो नसेल तर त्याच्या माणसांना विचारायचं. नियमाची भाषा मशीननं लिहून दिली आणि चांगली लिहून दिली, हे मला कबूल केलं पाहिजे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सांगोल्याच्या माळावरच्या एका गावचे म्हाळूतात्या म्हणजे आमच्या संग्रहातला सगळ्यात मोठा आवाज. मेंढरं राखणारा माणूस, पण धनगरी ओवी म्हणायला लागला की समोरचा माळ थांबून ऐकतोय असं वाटायचं. ते जाऊन काही वर्षं झाली होती. एका कंपनीनं संस्थेला विचारलं की या आवाजावर मशीन शिकवू का? मग कोणीही फोनवर आपल्या गावाचं नाव टाकायचं आणि म्हाळूतात्यांच्या आवाजात त्या गावाची नवी ओवी ऐकायची. अध्यक्ष खुर्चीतून उठून उभे राहिले. "अहो, तात्या जगभर गातील!" ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तात्यांवर त्यांचा फार जीव होता. पण हा पहिलाच आवाज द्यायचा होता. हा दिला की बाकीचे सगळे त्याच वाटेनं जाणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

मी तात्यांच्या पत्नीला, रुक्मिणीवहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आवाज आमच्या मालकांचा खरा, पर निम्मा सिदाप्पाचा हाय. त्यो हो म्हनला तर माजं हो."

सिदाप्पा म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, त्यांचे झीलकरी. धनगरी ओवीत मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि शेवटचा शब्द सोडून देतो. मागचा झीलकरी तो उचलून लांबवतो. त्याला झील धरणं म्हणतात. तेवढ्या वेळात पुढचा माणूस दम घेतो आणि पुढची ओळ आठवतो. झील तुटली की ओवी तुटते. आणि एक रीत आहे, झीलकरी आपणहून पुढं होऊन गात नाही. तात्या गेल्यापासून सिदाप्पांच्या तोंडून सूर निघाला नव्हता. गावात दुसरा गाणारा तयार झाला नाही, त्यामुळे त्यांच्याकडून झील शिकायलाही कोणी आलं नाही. एवढी मोठी विद्या माळावरच्या घरात गप्प बसून होती, आणि सिदाप्पा आता थकले होते.

"ज्याला विचारायचं त्याला आधी ऐकवायचं," असा मी समितीत हट्ट धरला. म्हणून श्रावणीनं नमुन्याची एक नवी ओवी मशीनकडून करून घेतली. शब्द मशीनचे, आवाज तात्यांचा. आधी जुन्या टेपांतून तात्यांचा आवाज वेगळा काढावा लागला. सिदाप्पांच्या झीलेला ती "बॅकग्राउंड" म्हणाली तेव्हा मी तिच्याकडं असं बघितलं की तो शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.

आम्ही सकाळी पोचलो. वहिनींनी अंगणात लिंबाखाली घोंगडी अंथरली होती. सिदाप्पा पटका बांधून तयार बसले होते. श्रावणीनं लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घोंगडीवर मांडला. सिदाप्पांनी आमच्या कपाळाला भंडारा लावला आणि उरलेली चिमूट लॅपटॉपवरही टाकली. आपल्या लॅपटॉपला कोणी बोट लावलेलं श्रावणीला खपत नाही, पण तिनं भंडारा तसाच राहू दिला. सगळ्यांची परवानगी घेऊन तिनं आमच्यातलं बोलणंही रेकॉर्डिंगला लावलं.

मशीनची ओवी सुरू झाली. वहिनींनी डोक्यावरचा पदर सावरला. तोच आवाज, तोच तो खर्जातला खरखरीतपणा. सिदाप्पा ताठ झाले. पहिली ओळ संपत आली तसा त्यांनी छातीत दम भरला, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून दुसरी ओळ सुरू झाली. त्यांनी तोंड मिटलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुन्हा तेच, तिसऱ्या ओळीलाही तेच. चौथ्या ओळीला त्यांनी तोंड उघडलंच नाही. मांडीवरचे हात तेवढे उगीच हलत होते.

ओवी संपली. सिदाप्पा म्हणाले, "आवाज तात्याचाच हाय. पर ह्यो थांबत न्हाय की."

श्रावणी पटकन पुढं सरकली. "आजोबा, थांबायला लावते. प्रत्येक ओळीनंतर जागा टाकते. दोन मिनिटं द्या." तिनं खटाखट काही तरी केलं आणि पुन्हा लावलं. या वेळी मशीन थांबलं. सिदाप्पांनी झील धरली. इतक्या वर्षांनी गळा उघडला होता, आवाज फाटका निघाला, पण निघाला. वहिनी माझ्याकडं बघून हसल्या. दुसऱ्या ओळीला ते झील लांबवतच होते आणि त्यांच्या अंगावरून तिसरी ओळ आली. ते खजील होऊन थांबले. सगळ्या जागा एकसारख्या कापल्या होत्या, दम तसा एकसारखा येत नाही.

"तात्या मान वळवून बगायचा माज्याकडं," ते म्हणाले. "दम सपत आला की मंग उचलायचा. ह्येला मी दिसत न्हाय."

श्रावणीचा चेहरा पडला. ती पोरगी महिनाभर त्या ओवीवर राबली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं. यंत्र चुकलं म्हणून आनंद व्हावा असं माझं मन नव्हतं. वहिनी चहा ठेवायला उठल्या.

मग श्रावणी हळूच म्हणाली, "मॅडम, जुनी टेप लावू? आवाज वेगळे केले तेव्हाची. त्यात तात्या स्वतः थांबलेत. आजोबांची झील काढलीय, त्यामुळे जागा रिकामी आहे."

मला आधी तिचं बोलणं कळलंच नाही. माझीच टेप होती, मीच त्या दिवशी माइकपलीकडं मेल्यासारखी बसलेली होते. तिनं लावली. तात्यांची ओळ आली, शेवटचा शब्द सुटला आणि पुढं शांतता. मशीननं सिदाप्पांचा आवाज तिथून अलगद काढून घेतला होता, आणि खाली राहिला होता तो त्यांच्या भावानं त्यांच्यासाठी थांबून धरलेला वेळ.

सिदाप्पांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी झील धरली. पहिली नीट बसली, दुसरीही बसली. तात्या थांबत होते, खरोखर थांबत होते. सिदाप्पा स्पीकरकडं मान वळवून गात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिसऱ्या ओळीला दम संपला. जागा होती ती तेव्हाच्या सिदाप्पांच्या छातीची, लांबच लांब. आताचे सिदाप्पा तिच्या निम्म्यातच संपले. झील तुटणार, तेवढ्यात चुलीकडून आवाज आला. रुक्मिणीवहिनी हातात गाळणी घेऊन दारात उभ्या होत्या आणि झील धरत होत्या. चारचौघांत त्या कधी गायलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. आयुष्यभर आतून ऐकलेलं सगळं त्यांच्याकडं शाबूत होतं. त्यांनी ती जागा पुरती भरली आणि तात्यांनी पुढची ओळ उचलली.

पाचव्या का सहाव्या ओळीला दोघांचाही दम एकदम गेला. सिदाप्पा खोकायला लागले, वहिनींना हुंदका आला. जागा रिकामी, तात्या थांबलेले. आणि मी गायले. कशी गायले, का गायले, मला सांगता येणार नाही. जन्मभर माइकपुढं मुंगळा चावला तरी चूं न केलेली मी, घोंगडीवर बसून बेसूर आवाजात ती झील ओढत होते. श्रावणीनं तोंडावर हात धरला. हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

चहा पिताना मी सिदाप्पांना कंपनीचं विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली. "नवं गायला तात्याला लावू नगा. त्येला आता आमच्याकडं बगता येत न्हाय, मंग त्येनं कशाला गावं? पर ही जुनी, रिकामी जागा असल्याली, ही समद्यास्नी द्या. पोरं हितं बसून झील धरायला शिकतील. तात्या थांबतोय त्येंच्यासाटी."

"आणि तुमची झील? ती मूळ टेपेवर आहे, ती आम्ही जपणारच."

"व्हय, ती बी ऱ्हाऊ द्या. चुकलं तर कुनीतरी बरूबर दावाया पायजे की."

अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे हिरमुसले. पण रिकाम्या जागांची ती टेप त्यांनी पुरती ऐकली, आणि कंपनीला नकाराचं पत्र मशीनला न विचारता स्वतःच्या हातानं लिहिलं. आता गावच्या शाळेत आठवड्यातून एकदा स्पीकर लागतो आणि सिदाप्पा खुर्चीवर बसून पोरांवर ओरडतात. ओवी पुढं म्हणणारा अजून एकही तयार झालेला नाही. श्रावणी मात्र खटपट करते आहे. समोरच्याचा दम ऐकून थांबेल असं मशीन करता येईल का, हे ती शोधते आहे. जमेल की नाही ठाऊक नाही, पण विचारत सिदाप्पांनाच असते. त्यांचा फोन लागला नाही तर मला ओरडते.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग संग्रहात घ्यायची वेळ आली तेव्हा ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा एकदम सरकारी. "मॅडम, नियमाप्रमाणे विचारायला आलेय. एका ठिकाणी तुमचा आवाज आहे. जरा... लागत नाहीये. एका क्लिकमध्ये जाईल. काढू?"

दुसऱ्या कोणाचा असता तर मी लगेच उत्तर दिलं असतं. स्वतःचा म्हटल्यावर मी टेबलावरच्या फायलीच इकडच्या तिकडं करत बसले. आजवर ज्यांच्या ज्यांच्या समोर मी माइक धरला त्यांना काय वाटत असेल हे मला तेव्हा, त्या खुर्चीत बसून कळलं. शेवटी मी सिदाप्पांना फोन लावला आणि विचारलं, काय करू?

ते आधी भरपूर हसले. मागून वहिनीही हसल्याचं ऐकू आलं.

"बाई, लई बेसूर हाय," सिदाप्पा म्हणाले. "पर काडू नगा. तवा आमचा दम सपला हुता."